आधी बोंडे फोडून पाहू : गटातला मतभेद मानाने आणि पुराव्यानिशी कसा मांडावा

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आमच्या शेतकरी गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका तरुण सभासदाने लिहिले, "गुलाबी बोंडअळी आली आहे, सगळ्यांनी उद्याच फवारा मारावा." पाच मिनिटांत एका ज्येष्ठ काकाजींचे उत्तर आले, "माह्या वावरात एकबी अळी नाई. ज्याले दुकानातला माल खपवाचा हाये, त्यानं खपवावा." त्यानंतर दहा वाजेपर्यंत तीसेक संदेश पडले. त्यांत कपाशीविषयीचे चार-पाच असतील. बाकीचे कोणाचा साळा कोणत्या कृषी केंद्रात बसतो आणि मागच्या निवडणुकीत कोण कोणाच्या गाडीत फिरत होता याविषयीचे होते. गटाचा सचिव म्हणून मी रात्रीपुरती फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय लावली आणि एक ओळ टाकली, "सकाळी सात वाजता दोन्ही वावरांत जाऊन वीस-वीस बोंडे फोडू. ज्यांना यायचे त्यांनी यावे."

सकाळी आम्ही सातजण जमलो. बोंडे कशी घ्यायची हे आधी ठरवून घेतले, कारण वाद बहुधा तिथेच पुन्हा डोके वर काढतो. धुऱ्याजवळची (बांधाजवळची) चार झाडे पाहून एकजण "अळीच अळी" म्हणतो आणि मधल्या ओळीतली चार पाहून दुसरा "काहीच नाही" म्हणतो. म्हणून वावरात नागमोडी चालायचे, दहा-पंधरा पावलांवर थांबायचे, बोंड किडके दिसते की चांगले याचा विचार न करता हाताशी येईल ते मध्यम आकाराचे, बोटाने दाबले तर किंचित लवणारे हिरवे बोंड तोडायचे आणि वीस जमली की धुऱ्यावर बसून सर्वांच्या डोळ्यांसमोर एकेक फोडायचे, असे ठरले. गुलाबी बोंडअळी अगदी बारीक असतानाच बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र नंतर बुजून जाते, त्यामुळे बाहेरून हिरव्यागार, निरोगी दिसणाऱ्या बोंडाच्या आतल्या भिंतीवर फोड आणि कोवळ्या सरकीत अळी सापडते. बाहेरून पाहून "नाही" म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याने फोडून पाहिलेले नसते.

तरुणाच्या वावरात वीसपैकी चार बोंडांत अळी निघाली आणि काकाजींच्या वावरात वीसपैकी एका बोंडात. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आर्थिक नुकसानीची पातळी १० टक्के बोंडे किंवा फुले प्रादुर्भावग्रस्त अशी सांगते, म्हणजे विसात दोन. किंवा कामगंध सापळ्यात (गंधाने नर पतंग ओढून धरणाऱ्या सापळ्यात) सलग तीन रात्री दर रात्री ८ पतंग. या मापाने एकाने फवारायला हवे होते आणि दुसऱ्याने सापळ्यावर नजर ठेवून थांबायला हवे होते. कारणही तिथेच उलगडले. तरुणाची पराटी (कपाशी) ओलिताची, मे महिन्याच्या अखेरीस लावलेली. काकाजींची कोरडवाहू, जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली. लवकर लावलेल्या कपाशीला पात्या-फुले आधी येतात आणि अळीलाही खाणे आधी मिळते. दोघेही आपापल्या वावरापुरते खरे सांगत होते. चुकला होता तो एकाचा "सगळ्यांनी" हा शब्द आणि दुसऱ्याचा दुकानाबद्दलचा टोमणा.

त्या सकाळपासून गटात जी रीत पडत गेली, ती इथे लिहून ठेवतो आहे. शेतकरी गट, बचत गट, पाणीवापर संस्था किंवा गावाचा फोनवरचा ग्रुप, जिथे रोज तोंडाला तोंड द्यावे लागणारी माणसे वेगवेगळ्या मतांची असतात, तिथे ती उपयोगी पडावी. शहरातला अनोळखी माणूस भांडून निघून जातो. आपल्याला उद्या त्याच विहिरीवरच्या पंपाची पाळी वाटून घ्यायची असते आणि परवा त्याच्याच बंडीतून सरकीचे पोते आणायचे असते.

एका संदेशातले तीन वाद आधी सोडवा

त्या रात्रीचे भांडण नीट वाचले तर त्यात तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. वावरात अळी आहे का, हा पहिला. असल्यास फवारणीचा खर्च परवडतो का, हा दुसरा. सल्ला देणाऱ्याचे कोणत्या दुकानाशी काही लागेबांधे आहेत का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर बोंड फोडून मिळते. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येकाच्या खिशावर, मजुरीवर आणि कपाशीकडून किती वेच अजून अपेक्षित आहेत यावर अवलंबून असते, त्यामुळे तिथे दोन शहाणी माणसे दोन मते ठेवू शकतात आणि दोघेही चूक नसतात. तिसरा प्रश्न कधीकधी रास्त असतो, पण तो चारचौघांत विचारला की पहिल्या दोहोंचे उत्तर मिळण्याची वाट बंद होते, कारण ज्याच्यावर आळ आला तो माणूस मग अळीबद्दल बोलतच नाही, आपल्या अब्रूबद्दल बोलतो. तो प्रश्न विचारायचाच असेल तर त्या माणसाच्या ओट्यावर जाऊन, एकट्याला विचारावा. कृषी केंद्राशी संबंध असणाऱ्याने "माझ्या भावाचे दुकान आहे, हे धरून माझे म्हणणे ऐका" एवढे आपणहून सांगितले तर सर्वांत उत्तम. आमच्या गटात एकाने तसे सांगायला सुरुवात केली तेव्हापासून त्याच्या शब्दाला वजन आले आहे.

लिहिण्यापूर्वी स्वतःला एवढे विचारावे, की माझे म्हणणे खरे की खोटे हे ठरवायला आम्ही दोघे मिळून काय पाहू शकतो? उत्तर एखादी वस्तू, कागद, जागा किंवा आकडा असेल, तर तेच संदेशात लिहावे. "या वाणाला काही दम नाही" या वाक्यावर महिनाभर भांडता येते. "भारी जमिनीत, ओलिताखाली, माझ्याकडे या वाणाला मागच्या वर्षी एकरी आठ क्विंटल आले, तुमच्याकडे किती आणि कसल्या जमिनीत?" या प्रश्नावर भांडण होत नाही, कारण समोरच्याला आपला आकडा आठवावा लागतो.

समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडून

आपल्या जुन्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते शोधण्यासाठी दोघांनी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडत बसणे ती वितंडा. आज आपण "वाद" हा शब्दच भांडणाच्या अर्थाने वापरतो, यावरून काय ते समजावे. त्याच परंपरेत पूर्वपक्षाची शिस्त होती, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा रीतीने आधी मांडायचे आणि मगच आपले उत्तर द्यायचे. हे ऐकायला पंडिती वाटते, पण पांदणीच्या, म्हणजे वावरांत जाण्याच्या गाडीरस्त्याच्या, भांडणात मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

पांदण अडवल्याचा वाद आमच्याकडे दर पावसाळ्यापूर्वी उगवतो. एका बैठकीत सातजणांनी एका काकाजींना घेरले होते की त्यांनी जुनी पांदण नांगरून वहीत केली. काकाजी म्हणत होते की सातबाऱ्यावर रस्ताच नाही. बैठक सांभाळणाऱ्या बाईंनी दोन्ही बाजूंना थांबवले आणि सातजणांपैकी एकाला सांगितले, "आता काकाजींचं म्हणणं तू सांग. त्यांनी 'बरोबर' म्हटल्यावरच पुढं बोलायचं." तो बोलला, "तुमचं म्हणणं असं, की सातबाऱ्यावर रस्त्याची नोंद नाही, बंड्या तुमच्या वावरातून जातात आणि चिखलात चाकोरी चुकवताना बाजूच्या चार ओळी दरवर्षी तुडवल्या जातात. बरोबर?" काकाजी म्हणाले, "बराबर. पन एक राह्यलं. मी रस्ता बंद करा म्हनतच नाई. एका बाजूनं, धुऱ्याधुऱ्यानं घ्या म्हन्तो." तासभर जो वाद "रस्ता हवा की नको" असा चालला होता, तो वास्तविक "मधून की धुऱ्याने" एवढाच होता. चार ओळींचे नुकसान त्या सातजणांपैकी एकानेही त्याआधी तोंडातून काढले नव्हते.

फोनवर हीच गोष्ट अधिक सोपी आहे, कारण समोरच्याचा संदेश पुन्हा वाचता येतो. उत्तराची पहिली ओळ "म्हणजे तुमचे म्हणणे असे का, की..." अशी लिहून पाहा. ही ओळ लिहिता लिहिता निम्म्या वेळा आपलाच गैरसमज आपल्या लक्षात येतो.

कोणत्या प्रश्नाला कोणता पुरावा

पांदणीचेच पुढे सांगतो, कारण पुरावा कुठे शोधायचा हे त्यात चांगले दिसते. सातबारा हा जमिनीच्या हक्काचा आणि पिकाचा उतारा आहे. त्यावर रस्ता दिसला नाही म्हणून रस्ता नव्हताच, असे ठरत नाही. त्यासाठी गावाचा महसुली नकाशा पाहावा लागतो, ज्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. विदर्भात याखेरीज दोन कागद आहेत, जे बाकी महाराष्ट्रातल्या मंडळींना ऐकूनही माहीत नसतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ खालचे निस्तार पत्रक आणि कलम १६५ खालचा वाजिब-उल-अर्ज. गावाच्या गुराढोरांची चराई, सरपण, सार्वजनिक वापराच्या जागा यांची व्यवस्था पहिल्यात असते. खासगी जमिनीतून जाण्यायेण्याची किंवा पाणी नेण्याची गावाची जुनी वहिवाट दुसऱ्यात नोंदलेली असते. "आमच्या आजोबांपासून" असे जे आपण म्हणतो, त्याचा कागद कधीकधी इथे सापडतो, आणि कधीकधी तो आपल्याच विरुद्ध निघतो, तेव्हा तोही तितक्याच मोठ्याने वाचून दाखवावा लागतो.

हे पाहिल्यावर प्रश्न आणखी नेमका होतो. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. रस्ता मुळातच नसेल आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून नवा हवा असेल तर अर्ज महसूल संहितेच्या कलम १४३ खाली करावा लागतो. "जुना अडवला" आणि "नवा हवा" या दोन दाव्यांची वाट तहसीलपर्यंत गेली तरी वेगळीच राहते, हे कळल्यावर बैठकीत "तुमचा दावा यांपैकी कोणता?" एवढे विचारले तरी आवाज खाली येतो.

स्वतःचा अनुभव हाही पुरावाच आहे, आणि कास्तकाराचा अनुभव हलका मानणाऱ्यांपैकी मी नाही. फक्त त्याच्यासोबत त्याचा पत्ता द्यावा. कोणत्या वर्षी, कसल्या जमिनीत, ओलिताखाली की कोरडवाहू, किती एकरांत, आणि मोजले होते की अंदाज होता. ऐकीव असेल तर "ऐकले आहे" असे लिहावे. त्याने मान कमी होत नाही.

आकड्यांचे भांडण बहुधा अर्धा आकडा सांगितल्यामुळे होते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये जाहीर झाला. एकजण ग्रुपवर लिहितो, "सरकार ८,११० देते," आणि दुसरा आपली विक्रीची पट्टी दाखवून म्हणतो, "मला तर ७,८६६ पडले, सगळी लूट आहे." दोघांच्या मध्ये ओलावा उभा असतो. पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्याला आहे, त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावाच्या एक टक्का कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस खरेदी केंद्र घेत नाही. त्या हिशोबाने ११ टक्के ओलाव्याच्या कापसाला ७,८६६ रुपये ७० पैसेच येतात. यानंतरही वाद उरू शकतो, पण तो ओलावा मापकाने बरोबर मोजला का आणि बंडी रात्रभर दवात का उभी राहिली, असा उरतो. त्या प्रश्नांची तक्रार करता येते आणि तिचा निकालही लागतो. "सगळी लूट आहे" याचा लागत नाही.

ग्रामपंचायतीच्या खर्चाबद्दल शंका असेल तर ग्रुपवर "पैसे खाल्ले" असे लिहिण्याऐवजी माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या कायद्याने, दहा रुपयांच्या शुल्कावर अर्ज करावा. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची असते. अर्जात "भ्रष्टाचाराची माहिती द्या" असे लिहू नये. कोणत्या कामाचे, कोणत्या वर्षाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयके हवीत ते लिहावे. कागद येईपर्यंत आरोप थांबवून ठेवणे जड जाते, हे मान्य. पण बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे आणि फोनवर लिहिलेला शब्द पारावर बोललेल्या शब्दासारखा वाऱ्यावर जात नाही. दुसरा माणूस त्याचे चित्र काढून ठेवतो.

पुढे ढकललेल्या संदेशांबद्दल आमचा नियम कडक आहे. संदेशावर दोन बाण दिसले म्हणजे तो अनेक हातांतून फिरत आला आहे. त्यात तारीख नसेल, कोणत्या खात्याचे किंवा विद्यापीठाचे म्हणणे ते नसेल, तर तो टाकणाऱ्यालाच विचारायचे की हे तुला कुठून मिळाले आणि तू तपासलेस का. औषधांच्या मिश्रणाचा संदेश तर डब्याच्या लेबलाचा फोटो सोबत असल्याशिवाय ठेवायचाच नाही. यात मी तडजोड करत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, आणि त्या वर्षी बोंडअळीनेही विदर्भाची कपाशी खाल्ली होती. घाबरलेला माणूस मिळेल तो सल्ला मिसळून टाकीत ओततो. लेबलावर पीक, कीड आणि मात्रा लिहिलेली असते आणि विषाची तीव्रता सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. "माझ्या मित्राला फरक पडला" याच्यापुढे तो त्रिकोण दाखवावा आणि थांबावे.

"बे", "भाऊ" आणि "काकाजी"

आपल्या बोलीत "काऊन बे" हे जिवलगाला म्हटले तर प्रेम आणि दुसऱ्याला म्हटले तर अपमान, आणि कोणते ते आवाजावरून कळते. लिहिलेल्या अक्षराला आवाज नसतो. पारावर हसत म्हटलेले "तुले काय कळते" हे वाक्य फोनवर नुसतेच "तुला काय कळते" उरते. म्हणून आमच्या ग्रुपवर मतभेद लिहिताना सगळेच "तुम्ही" वापरतात, वर्गमित्रांनाही. सुरुवातीला पोरे हसली. आता कोणी एकदम "तुम्ही" वर आला की वातावरण तापले आहे, हे सगळ्यांना आपोआप समजते आणि जो तो जरा जपून लिहितो.

माणसाऐवजी म्हणण्याशी असहमत व्हावे हे सगळे जाणतात. अडते ते वाक्याच्या पहिल्या शब्दापाशी. "तुम्ही चुकीचे सांगता" याऐवजी "हा आकडा मला वेगळा दिसतो" म्हटले की समोरचा माणूस आकड्याकडे पाहतो. "तुम्ही लोक" हे दोन शब्द तर आम्ही बादच केले, कारण त्यांमागे जात, मोहल्ला किंवा पक्ष उभा असतो आणि लिहिणाऱ्याला तो अभिप्रेत नसला तरी वाचणाऱ्याला दिसतो. वयाने मोठ्या माणसाची चूक दाखवायची असेल तर आधी एकट्याला फोन करावा. त्याने स्वतः ग्रुपवर दुरुस्ती केली तर त्याचा मानही राहतो आणि माहितीही सुधारते. मात्र चूक अशी असेल की सकाळपर्यंत कोणी त्यावरून चुकीचे औषध मारील, तर मान बाजूला ठेवून तिथेच, त्याच क्षणी, सभ्य शब्दांत लिहावे.

अंगठा, हसरे तोंड, हात जोडलेले चित्र यांचा उत्तर म्हणून वापर मला आवडत नाही. हसरे तोंड नक्की कोणाला हसते आहे हे आजपर्यंत मला कळलेले नाही.

बैठक आणि ग्रुप सांभाळणाऱ्याचे काम

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत वर्षानुवर्षे चालवली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. तिथली कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे अभ्यासगट. एखादा विषय समजून घेण्यासाठी लोक बसतात, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात, हवे तेवढे मतभेद होतात, पण अभ्यासगटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेतच होतो. याचा फायदा असा की अभ्यासाच्या बैठकीत हरण्याजिंकण्यासारखे काही नसल्याने माणूस मत बदलायला तयार होतो. आम्ही ही गोष्ट उचलली. ग्रुपवर फक्त माहिती, प्रश्न आणि पुरावा. ठराव मात्र महिन्याच्या बैठकीत, समोरासमोर. रात्री नऊनंतर मतभेदाचा संदेश टाकायचा नाही, हाही नियम त्याच बोंडअळीच्या रात्रीनंतर झाला.

बैठकीत ज्याचे मत मानले गेले नाही, त्याचे नाव आणि कारण प्रोसिडिंग बुकात दोन ओळींत लिहून घ्यावे आणि त्याला वाचून दाखवावे. "माझे कोणी ऐकलेच नाही" ही तक्रार यामुळे जवळजवळ संपते, आणि पुढच्या वर्षी तोच बरोबर ठरला तर तेही कागदावर राहते.

बायकांचे मत कुठे हरवते, हे पाहावे. ग्रुपमधला नंबर घरधन्याचा असतो आणि निंदण, वेचणी, सरकी लावणी यांतले निम्मे ज्ञान त्या नंबराच्या बाहेर राहते. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते ती याचसाठी. अनेक गावांत ती कागदावरच होते. आमच्या बैठकीत प्रत्येक विषयावर पहिले दोन वक्ते महिला असतात, कारण पुरुष आधी बोलले की "यांनी सांगितलं तेच" यापुढे गाडी जात नाही. बोंडअळी पहिल्यांदा कोणत्या वावरात दिसली हे त्या वर्षी नेमके सांगितले ते डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुले) तोडणाऱ्या दोघींनी.

ॲडमिन होण्यास लोक घाबरतात, कारण दुसऱ्याने टाकलेल्या घाणीबद्दल आपल्यावर गुन्हा होईल असे त्यांना वाटते. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विदर्भातल्याच एका प्रकरणात म्हटले, की सभासदाच्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल, समान हेतू किंवा आधी आखलेला बेत असल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. याचा अर्थ ॲडमिनने पाहत बसावे असा कोणी काढू नये. शिवीगाळीचा संदेश काढून टाकणे, त्या माणसाला फोन करणे आणि काढल्याचे कारण एका ओळीत ग्रुपवर लिहिणे, ही तीन कामे त्याचीच. कारण न देता संदेश काढला की पक्षपाताचा नवा वाद सुरू होतो, हे मी एकदा करून पाहिले आहे.

आपण चुकलो तेव्हा

२०२३ च्या खरिपात कापून ठेवलेले सोयाबीन पावसात सापडले. मी ग्रुपवर मोठ्या खात्रीने लिहिले की विम्याची सूचना आठवडाभरात दिली तरी चालते. त्या वेळच्या योजनेत अशा नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती. गटातल्या एका मुलीने लगेच विचारले, "दादा, हे कुठं लिहिलं आहे?" मला तो प्रश्न झोंबला आणि मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी विमा कागद काढून पाहिला, तेव्हा चूक कळली; तोवर दोघांची मुदत टळली होती. मी ग्रुपवर लिहिले की कालचे माझे म्हणणे चूक होते, खरी मुदत ७२ तास आहे, विचारणारीचे बरोबर होते, आणि ज्यांची मुदत गेली त्यांच्या घरी मी आज येतो. गेलोही. एकाने चहा दिला, दुसऱ्याने दिला नाही.

चूक ज्या जागी केली त्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरात दुरुस्त करावी. जुना संदेश गुपचूप पुसून टाकू नये, कारण ज्यांनी तो वाचला ते दुरुस्ती वाचतीलच असे नाही. तारखेचेही भान ठेवावे. २०२५ च्या खरिपापासून राज्यातली एक रुपयाची विमा योजना बंद झाली, शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे भागातल्या नमुना शेतांत मोजलेल्या उत्पन्नावर, आली. म्हणजे ७२ तासांची माझी दुरुस्तीसुद्धा आज जशीच्या तशी पुढे ढकलली तर चूकच ठरेल. म्हणून आता ग्रुपवरच्या प्रत्येक माहितीच्या खाली वर्ष लिहिण्याचा आग्रह मी धरतो.

जो मतभेद मिटत नाही

काही मतभेद कागदाने मिटत नाहीत. बोंडअळीच्या वादातल्या काकाजींचे म्हणणे आजही असे आहे, की पातळी ओलांडली तरी शेवटच्या वेचाआधीचा फवारा कोरडवाहू पराटीला परवडत नाही. तरुण म्हणतो, परवडतो. दोघांनाही दुसऱ्याचे म्हणणे नीट सांगता येते, आकडे दोघांचे खरे आहेत आणि तरीही उत्तर एक नाही. अशा वेळी आम्ही बोलणे थांबवून वावर विभागतो. एकाच वावरात, एकाच वाणाच्या, एकाच दिवशी लावलेल्या वीस ओळी घ्यायच्या; दहा ओळींवर फवारा मारायचा, दहा तशाच ठेवायच्या, आणि औषध उडून जाऊ नये म्हणून मधल्या दोन ओळी हिशोबातून सोडायच्या. वेचणारी माणसे दोन्हीकडे तीच. दोन्हीकडचा कापूस वेगळ्या पोत्यांत, वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर, दोघांच्या समोर. औषध, मजुरी आणि पंपाचे पेट्रोल एका बाजूला लिहायचे, कवडी (किडका, डागी) कापूस वेगळा तोलायचा.

यंदा ही वही काकाजींकडे आहे, कारण वावर त्यांचे आहे. पहिल्या वेचाचे दोन आकडे त्यात तरुणाच्या अक्षरात लिहिलेले आहेत आणि खाली दोघांच्या सह्या आहेत. दुसरा वेच दिवाळीनंतर होईल.